एका हाताने सांगितलेली गोष्ट

ज्या वर्षी माझ्या धाकट्या नणंदेचं लग्न ठरलं, मोडलं आणि पुन्हा त्याच घरात जमलं, त्या वर्षीची ही गोष्ट. लग्न मोडलं ते माझ्या थोरल्या जाऊबाईंमुळे. आमच्या घरात हे कुणी तोंडावर म्हणत नसे, पण माहीत सगळ्यांना होतं, आणि सर्वांत जास्त त्यांनाच.

आम्ही दोघी जावा एकाच कापडगिरणीत, एकाच साचेखात्यात कामाला होतो. साचा म्हणजे कापड विणायचं यंत्र. लांबलचक शेड, तिच्यात साच्यांच्या रांगा, आणि प्रत्येक साच्यात लाकडी धोटा या टोकाकडून त्या टोकाकडे आपटतोय. तो आवाज असा की शेजारणीच्या कानाला तोंड लावून ओरडलं तरी तिला कळू नये. म्हणून साचेखात्यात ओरडत कुणीच नसे. आम्ही ओठांनी आणि उजव्या हाताने बोलायचो. आवाज काढायचाच नाही. शब्द ओठांवर नीट करायचा आणि हाताने त्याला जोड द्यायची. डावा हात कायम साच्यावर. धागा तुटायच्या आधी साचा जरासा वेगळा थरथरतो, आणि ते डोळ्यांच्या आधी तळहाताला कळतं. नवी बाई कामावर आली की आधी हे बोलणं शिकायची, मग विणणं.

या बोलण्यात थोरल्या जाऊबाईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. कामाची पाळी सुरू झाली की त्यांची गोष्ट सुरू. समोरची बाई ती उचलायची, तिच्याकडून पुढची, अशी गोष्ट साच्यांवरून उड्या मारत रांगेच्या शेवटापर्यंत जायची. त्यांनी इकडे सांगावं की मुकादमांच्या सायकलची घंटा चोरीला गेली, आणि पार दरवाज्याजवळच्या बायकांनी हसून लोळावं, कारण तिथे पोचेपर्यंत मुकादमांनीच कुणाची तरी घंटा चोरलेली असायची. मुकादम रांगेतून चालत गेले की सगळ्या माना साच्यात. ते पुढे गेले की त्यांच्या पाठीमागे जाऊबाईंचा हात त्यांच्यासारखाच चालायचा, पोट पुढे आणि बोटं फेंगडी.

शेडमध्ये त्या अशा. शेडच्या बाहेर मात्र वेगळ्या. वर्षानुवर्षं त्या गोंगाटात राहून त्यांचे कान गेले होते. माझे अर्धे गेले होते, त्यांचे पुरते. स्वतःचा आवाज स्वतःला येत नसल्यामुळे त्या एकतर पुटपुटायच्या, नाहीतर ओरडायच्या, आणि आपण यातलं काय करतोय हे त्यांना कळायचं नाही. गल्लीतल्या पोरांनी त्यांचं नाव भोंगा ठेवलं होतं. गिरणीच्या भोंग्यावर लोक पाळीची वेळ लावतात, यांच्यावरही लावावी, असं म्हणायचे.

तर नणंदेच्या लग्नाची बोलणी. मुलाकडची माणसं बाहेरच्या खोलीत बसली होती. जाऊबाई चहा देऊन आत आल्या, तबक ठेवलं आणि माझ्या कानाशी लागून त्यांच्या समजुतीने कुजबुजल्या, "मुलगा चांगला आहे गं, पण कान बघितलेस? जरा वारा सुटला तर उडून जायचा! आणि आईकडूनच आलेत ते, तिचे तर केसांत मावत नाहीत."

बाहेर कपबशीचा आवाज थांबला. मी डोळे मिटले. जाऊबाई माझ्याकडे बघून हसत होत्या, आपला विनोद कसा जमला म्हणून. मग माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळलं.

मुलाची आई अर्धा चहा तसाच ठेवून उठली. पंधरवड्याने तो मुलगा एकटाच आमच्या दारात आला आणि थोरल्या दिरांना म्हणाला, "कान मोठे आहेत हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे? मला त्यासाठी भांडायचं नाही. मला तुमच्या बहिणीशी लग्न करायचंय." लग्न झालं, चांगलं झालं. पण ज्या रात्री ती माणसं उठून गेली, त्या रात्री थोरले दीर जाऊबाईंच्या समोर बसले, म्हणजे ओठ नीट दिसावेत म्हणून, आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "यापुढे चार माणसांत तोंड उघडायचं नाही. माझी शरम काढू नकोस."

दीर वाईट माणूस नव्हते. ते रंगखात्यात होते. तिथे कढया उकळतात, वाफ असते, पण गोंगाट नसतो. त्यांना आमचं हाताचं बोलणं येत नव्हतं. त्यांना आपली बायको ठाऊक होती ती एवढीच, की जी घरात गप्प असते आणि बोलली तर शेजारी ऐकतात.

जाऊबाईंनी तोंडाला कुलूप घातलं. दुकानात गेल्या तर बोट दाखवून वस्तू घ्यायच्या. नणंदेच्या लग्नात दिवसभर आत भांडी घासत राहिल्या. कुणी विचारलं तर मान हलवायच्या. मला ते बघवत नसे. रोज शेडमध्ये ज्या बाईपायी आमचे साचे थांबायची वेळ येते, ती बाई फाटकातून बाहेर पडली की विझते.

गिरणीचं दरवर्षी एक संमेलन व्हायचं. गिरणीच्या सभागृहात, पडदा, दिवे, माइक. गाणी म्हणायचे ते कचेरीतले लोक, नाच करायच्या त्या त्यांच्या मुली. आम्ही खात्यांची माणसं मागच्या बाकांवर बसून टाळ्या वाजवायचो. त्या वर्षी नवे साहेब आले होते. त्यांनी फर्मान काढलं की प्रत्येक खात्याने एक तरी कार्यक्रम दिला पाहिजे. रंगखात्याने समूहगीत दिलं. सूतखात्याने कुणाचा तरी बासरी वाजवणारा जावई पकडून आणला. साचेखात्यातून कुणीच पुढे येईना.

मुकादमांची केबिन शेडच्या कोपऱ्यात होती, काचेची, आवाज आत येऊ नये म्हणून. एक दिवस कचेरीतला कारकून त्यांच्याकडे नाव मागायला आला. मी आणि जाऊबाई समोरासमोरच्या साच्यांवर होतो. मी बघितलं, की त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे लागली आहे. मी मागे वळले. काचेच्या आत मुकादम कारकुनाला म्हणत होते, आणि त्यांच्या ओठांवर शब्द अगदी स्वच्छ होते, "भोंग्याचं नाव टाका. माइकचं भाडं वाचेल." दोघेही हसले.

मुकादम स्वतः आधी वीस वर्षं साच्यावर होते. काचेच्या आड बोललेलं आमच्या खात्यात झाकलं जात नाही हे त्यांना कळायला हवं होतं. पण माणूस केबिनमध्ये बसायला लागला की विसरतो.

जाऊबाईंनी साचा बंद केला. पाळी चालू असताना साचा बंद करायला कारण लागतं. त्या सरळ केबिनकडे गेल्या, दार ढकललं आणि बोलल्या. शेडच्या गोंगाटात आम्हाला काही ऐकू आलं नाही, पण काचेतून सगळ्या रांगेने वाचलं. "लिहा. माझंच नाव लिहा."

कारकून मुकादमांकडे बघायला लागला. मुकादमांनी हात वर केले, मस्करी होती, मस्करी होती. जाऊबाई जागच्या हलल्या नाहीत. शेवटी कारकुनाने लिहिलं.

तेव्हा मला अक्षरओळख नव्हती. फाटकाजवळच्या फळ्यावर त्यांचं नाव लागलं हे मला दुसऱ्या एका बाईने वाचून सांगितलं. फळ्याभोवती ही गर्दी. "साचेखात्यातर्फे भोंगा वाजणार!" "पुढच्या रांगेला कापूस वाटा रे!" मी तिथून हळूच निघाले. त्यांची जाऊ म्हणून कुणी ओळखू नये असं मला वाटत होतं, नाही कशाला म्हणू.

संध्याकाळी चुलीपाशी बसून मी हाताने विचारलं, "ताई, करणार काय तुम्ही? गाणार?"

त्या हसल्या. हातानेच म्हणाल्या, "आवाज काढणारच नाही. आपण शेडमध्ये बोलतो तसं बोलणार. गोष्ट सांगणार."

"अहो, पण पुढच्या रांगांना ते कळतं कुठे?"

"नाही कळलं तर नाही कळलं. मागच्या रांगांना तर कळेल?"

पण त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते त्यांच्या भीतीचे. जेवण जात नसे. साच्यावर त्यांचे धागे तुटू लागले, ज्या बाईचा धागा आठवड्यातून एखाद्या वेळी तुटायचा तिचे. मधल्या सुट्टीत त्या माझा दंड धरून मला नळाच्या मागे घेऊन जायच्या आणि विचारायच्या, "नाव काढून घेऊ का?" मी म्हणायचे, "घ्या." तेव्हा त्या माझ्यावर रागवायच्या. मग मी म्हणायला लागले, "नका घेऊ." तेव्हाही रागवायच्या. शेवटी मी काहीच म्हणेनाशी झाले.

दिरांना फळ्यावरून कळलं. ते घरी आले, चपला काढल्या नाहीत, तसेच समोर उभे राहिले.

"तुला एवढे लोक हसतात ते कमी पडतात का? आता तिकीट लावून हसवणार?"

"तिकीट नाही," जाऊबाई म्हणाल्या. जोरात. भिंतीपलीकडचं भांडं वाजायचं थांबलं.

"मी काय सांगितलं होतं?"

"तोंड उघडू नकोस म्हणाला होतात. नाही उघडत. हात उघडते."

दीर माझ्याकडे वळले, "वहिनी, तुम्ही तरी सांगा हिला."

मी म्हणाले, "भाऊजी, मी सांगून बघितलं. त्या ऐकू येत नाही म्हणतात."

दीर हसले नाहीत. म्हणाले, "मी येणार नाही तिथे."

जाऊबाईंनी ते वाचलं. पण त्या रात्री मला म्हणाल्या, "तू शेवटच्या बाकावर बस. माझा हात तिथून दिसतो का, ते सांग."

ही खरी अडचण होती. शेडमध्ये आम्ही दोन हातांच्या अंतरावरून बोलायचो. सभागृहात शेवटचा बाक कुठल्या कुठे. तिथून ओठ दिसणार नव्हते. म्हणून सुट्टीच्या दिवशी त्या आमच्या गल्लीच्या एका टोकाला उभ्या राहिल्या आणि मला दुसऱ्या टोकाला उभं केलं. त्या बोलत, मी ओरडून सांगे, "नाही दिसलं!" अर्थात ते त्यांना ऐकू जात नसे, म्हणून मी दोन्ही हात हलवी. पोरं जमली. पोरांनी त्यांच्या मागे रांग लावली आणि त्यांच्यासारखाच हात नाचवायला सुरुवात केली. एका खिडकीतून कुणी टाळ्या वाजवल्या. जाऊबाईंचे कान लाल झाले, मला एवढ्या लांबून दिसले. पण त्यांनी हात खाली घेतला नाही. उलट मोठा केला. जे शेडमध्ये बोटांनी व्हायचं ते त्या मनगटाने करू लागल्या, जे मनगटाने व्हायचं ते खांद्यापासून. मग त्यांना एक सुचलं. कापडात खोट निघाली की आम्ही साच्यावर खडूने खूण करायचो. त्यांनी कमरेला खोचलेला तो खडू काढला आणि उजव्या हाताला कोपरापर्यंत फासला. पांढरा हात मला गल्लीच्या टोकावरून बोट न बोट दिसला.

"ताई," मी जवळ जाऊन म्हणाले, "डावा हातही हलवा ना. तो नुसता तसाच धरून ठेवलाय, लाकडासारखा."

त्यांनी करून बघितलं. दोन्ही हात हलवले की त्या अडखळायच्या. पुन्हा डावा हात कमरेच्या उंचीवर, अदृश्य साच्यावर ठेवला आणि गोष्ट सुरळीत वाहू लागली.

"डावा उचलला तर साचा थांबतो," त्या म्हणाल्या. "साचा थांबला तर मी कशी बोलू?"

संमेलनाच्या दिवशी सभागृह भरलं. पुढे साहेब, साहेबांची बायको, कचेरीतली माणसं घरच्यांसह. मागे आम्ही. मी शेवटच्या बाकावर बसले. समूहगीत झालं, बासरी झाली. आणि माझ्या शेजारची जागा कुणीतरी घेतली. बघते तो थोरले दीर. कामाचेच कपडे, नखांत निळा रंग. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला घरी न्यायला कुणीतरी हवं." म्हणजे ती रडत बाहेर येईल तेव्हा.

पडदा सरकला. जाऊबाई मधोमध उभ्या होत्या. पांढरा हात. दिव्यांचे झोत सरळ त्यांच्या डोळ्यांत. त्या क्षणी मला कळलं की त्यांना आम्ही कुणीच दिसत नाही. ऐकू येत नाही ते नाहीच, आता दिसतही नाही. हसतात की रडतात, उठून जातात की बसतात, यातलं काहीच त्यांना समजणार नव्हतं. अंधाऱ्या विहिरीत तोंड घालून बोलावं तसं त्यांना बोलायचं होतं, तेही आवाज न काढता.

त्यांनी सुरुवात केली.

पुढच्या रांगांना वाटलं माइक बंद आहे. "आवाज! आवाज!" असा गलका झाला. कुणी म्हणालं, "बाईंचा डावा हात मोडलाय का?" आणि हशा पिकला. माइकवाला बिचारा घाबरला. त्याने आडून माइक ठोकून बघितला, ठकठक. माइक तर चालू. मग तो वाकून, जवळजवळ रांगत रंगमंचावर आला आणि माइकचा दांडा जाऊबाईंच्या तोंडाशी नेऊ लागला. त्या मान मागे घेत, हा दांडा पुढे करी. सभागृह फुटलं. मागच्या बाकांवरचे आमचे लोकही हसायला लागले, हे मी लपवत नाही. दिरांनी मान गुडघ्यांत घातली.

पांढरा हात हवेत थांबला. जाऊबाई पायाशी वाकलेल्या त्या माणसाकडे बघत होत्या. त्यांना समजलं होतं. पायाशी माइकवाला येतो म्हणजे काय चाललं असणार, हे समजायला कान लागत नाहीत.

त्या पडद्याआड निघून गेल्या असत्या तर कुणी दोष दिला नसता. मी असते तर पळाले असते.

त्यांनी माइकवाल्याचा दंड धरला. त्याला प्रेमाने उभा केला, त्याच्या अंगावरची धूळ झटकली आणि पाहुण्याला दारापर्यंत सोडतात तसं त्याला रंगमंचाच्या कडेपर्यंत सोडून आल्या. जाताना हाताने त्याला सांगितलं, पुन्हा या, घाई कसली होती, अजून थोडे थांबला असतात. त्याला पार आत ढकललं आणि वळून उजव्या हाताच्या बोटांनी एक चिमूट केली, कानाशी नेली, आणि ती चिमूट कानाशी गोल गोल फिरून दाराबाहेर उडून गेली.

आमच्या सगळ्या बाकांना एकदम कळलं. मागून असा हशा उठला की पुढचे लोक वळून बघायला लागले.

"काय म्हणाली?" दीर म्हणाले. मान वर आली होती. "वहिनी, काय म्हणाली ती?"

मी म्हणाले, "त्या म्हणतात, माझ्या कानांतून आवाज निघून गेले ते असे, पाहुण्यासारखे, एकेक करून. सगळ्यांत आधी डास गेला. त्याला मी दारापर्यंत सोडला आणि दोन कड्या लावल्या."

दीर बघत राहिले. आमच्या पुढच्या बाकावरचा शिपाई वळून म्हणाला, "मोठ्याने सांगा हो. आम्हालाही कळू दे." मी लाजले, पण सांगायला लागले. दोन बाकं सोडून दुसरी एक साचेवाली आपल्या पुढच्यांना सांगायला लागली. तिच्या पुढे तिसरी. आमच्या खात्यात गोष्ट जशी साच्यावरून साच्यावर जायची तशीच ती बाकावरून बाकावर पुढे जाऊ लागली. फरक एवढाच की आता ती मोठ्याने जात होती, आणि पहिल्या रांगेपर्यंत पोचत होती.

डासानंतर किटलीच्या झाकणाचा आवाज गेला. मग चपलांचा. पावलांचा आवाज गेला तेव्हा मुकादम दबकत यायला लागले आणि जाऊबाईंना कळेना, म्हणून त्या मुकादमांना वासावरून ओळखायला लागल्या. तंबाखूचा वास कसा आधी येतो, मग पोट येतं, मग मुकादम येतात, हे एका हाताने दाखवलं. सगळी मागची बाजू मुकादमांकडे बघत होती. ते आधी गोरेमोरे झाले. मग तेच उठून समोरच्या साहेबांना ओरडून म्हणाले, "मी! मी आहे तो, साहेब!"

मग सासूबाईंचं बोलणं निघालं. ते काही जाईना. दारापर्यंत जायचं, चप्पल घालायचं आणि काहीतरी राहिलं म्हणून परत यायचं. भाजीत मीठ कमी. परत. सुनेला वळण नाही. परत. जाऊबाईंनी त्याला हात जोडले, म्हणजे एकच हात, दुसरा साच्यावर. मी दिरांना हे सांगताना जरा चाचरले, कारण सासूबाई म्हणजे त्यांची आई. सांगितलं. दीर हसले. आधी नाकातून, मग पोटातून, आणि मग त्यांना थांबताच येईना. डोळे पुसत मला म्हणाले, "आईचंच आहे हे. अगदी आईच. ही रोज असं बोलते?"

"रोज," मी म्हणाले. "पाळी सुरू झाल्यापासून सुटेपर्यंत."

"आणि मला माहीत नाही," ते म्हणाले.

तोवर रंगमंचावर हात एकदम लहान झाला होता. खांद्यावरून मनगटावर आला, मनगटावरून बोटांवर. एक लहान आवाज दाराशी उभा होता. जाऊबाई त्याच्यापुढे वाकल्या. त्याला आत ओढू लागल्या. तो निघाला होता. त्यांनी त्याची बाही धरली. ती हातातून सुटली. त्यांनी पुन्हा धरली. हा त्यांच्या मुलीच्या तान्हेपणीच्या रडण्याचा आवाज होता. पाळण्यातली मुलगी रडून रडून निळी पडली होती आणि पाठ करून उभ्या असलेल्या आईला कळलं नव्हतं, तो दिवस मला आठवला. दिरांनाही आठवला असणार. मी सांगायचं थांबले. सगळ्याच साचेवाल्या थांबल्या. पुढच्या रांगांत कुणी विचारलं नाही, काय म्हणाली म्हणून.

तो आवाज गेला. घर रिकामं झालं. जाऊबाईंनी चहूकडे बघितलं, मग डाव्या हाताकडे. तो अजून साच्यावर होता. त्या साच्याकडे बोट करून म्हणाल्या, ज्याने सगळ्यांना घालवलं तो तेवढा राहिला, आणि त्याच्याशीच मी बोलत बसते. मग डावा हात उचलला. साचा थांबला. त्यांनी दोन्ही हात खाली सोडले आणि तशाच उभ्या राहिल्या.

त्या वाट बघत होत्या. कशाची ते त्यांनाही ठाऊक नसावं. दिव्यांपलीकडे काय आहे ते त्यांना दिसत नव्हतं. टाळ्या पडत होत्या, बाकं वाजत होती, पण त्या तशाच उभ्या, चेहरा पांढरा. मग माझ्या शेजारून दीर उठले. बाकांमधल्या वाटेने सरळ चालत गेले, पायऱ्या चढले, दिव्यांच्या झोतात जाऊबाईंच्या समोर उभे राहिले आणि टाळ्या वाजवल्या, त्यांना दिसतील अशा, तोंडासमोर हात धरून. तेव्हा जाऊबाईंना कळलं.

घरी जाताना त्यांनी रस्त्यात मला थांबवलं. "खरं सांग. लोक हसले?"

"हसले."

"कुठे कुठे?"

मी सांगितलं. डासाला, मुकादमांना, सासूबाईंना. त्यांनी प्रत्येक जागा दोन-दोनदा विचारून घेतली, नवं कापड हातावर घेऊन खोट शोधावी तशी. किटलीला कुणी हसलं नाही हे ऐकून नाराज झाल्या. मग म्हणाल्या, "आणि आधी? तो माणूस आला तेव्हा?"

"तेव्हाही हसले, ताई. मीसुद्धा."

"वाटलंच," त्या म्हणाल्या. "तेव्हा पळायचंच मनात आलं होतं. वाटलं, आता हसतातच आहेत, तर निदान माझ्या गोष्टीला हसू देत."

हे त्या रस्त्यात बोलल्या, त्यांच्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे वरच्या मजल्यावरची खिडकी उघडेल एवढ्या मोठ्याने. दीर पुढे चालत होते. ते थांबले, वळले, आणि मला वाटलं आता ओठांवर बोट ठेवतील. ते म्हणाले, "पुढे बोल की. किटलीचं काय म्हणत होतीस?"

दुसऱ्या दिवसापासून त्या दुकानात बोट दाखवेनाशा झाल्या. जे हवं ते मागायच्या, आणि ते गल्लीभर ऐकू यायचं. पोरं हसायचीच. एखाद्या पोराने फारच केलं तर त्या त्याला थांबवून त्याचीच नक्कल त्याला करून दाखवायच्या, आणि मग बाकीची पोरं त्याला हसायची. भोंगा हे नाव शेवटपर्यंत राहिलं. दीर म्हातारपणी आमच्याकडून हाताचं बोलणं शिकायला बसले, पण त्यांना ते कधी जमलं नाही. 'पाणी दे' म्हणायला जायचे आणि 'म्हैस पळाली' म्हणायचे. जाऊबाई त्यांना पाणी द्यायच्या आणि म्हशीची चौकशी करायच्या.

मी पुढे कितीतरी माणसं बघितली, मोठ्या आवाजाची, मोठ्या मानाची. हसू होईल म्हणून गप्प बसलेली तर फारच बघितली, त्यांत मी आले. जिला समोरचं दिसत नाही, ऐकूही येत नाही, अशा बाईने त्या दिव्यांत हात वर ठेवला, एवढं धाडस मी दुसऱ्या कुणाचं बघितलेलं नाही.

थोरले दीर गेले ते गिरणी बंद पडली त्या वर्षी, उन्हाळ्यात. थोरल्या जाऊबाई त्यानंतर चार वर्षांनी, माझ्या नातवाचं नाव शाळेत घातलं त्या आठवड्यात, सकाळी झोपेत गेल्या.